बोटीत मी बसायचं कुठं?

...आणि वर मलाच म्हणतात, काकू, हलू नका! अहो, हलू नका काय हलू नका? आधी बसायचं कुठं ते एकदा ठरवा ना! डावीकडे बसले तर उजवीकडे जा, उजवीकडे गेले तर पुढे सरका, पुढे सरकले तर 'एवढं पुढे नको हो काकू'... मी काय कॅरमची सोंगटी आहे? तुम्हाला सांगते, पन्नाशी उलटली माझी, बँकेत बसले, दवाखान्यात बसले, लोकांच्या लग्नात पहिल्या रांगेत बसले, पण नुसत्या बसण्यावरून एवढी बोलणी कधी खाल्ली नव्हती.

झालं काय, आमच्या वरच्या मजल्यावरची पोरगी. गुणी हो, फार गुणी. ती तलावात फळीवर उभी राहते. पायाला फळी बांधलेली, हातात दोरी, दोरीचं दुसरं टोक बोटीला, आणि बोट पळाली की ही मागून पाण्यावर घसरत येते. बोटीच्या मागे दोन बाजूंना दोन लाटा उठतात बघा, त्यातल्या एकीवरून उडायचं आणि हवेतून थेट दुसरीच्या पलीकडे उतरायचं. का? ते मलाही विचारू नका. मी विचारलं होतं. 'मजा येते, काकू,' म्हणाली. गेल्या वर्षी मनगट मोडलं तेव्हाही मजाच येत होती म्हणे.

तर रविवारी तिची निवड होती. संघात एकच जागा उरलेली. काठावर परीक्षक बाई खुर्ची टाकून बसणार, फेऱ्या तीन, आणि त्यात एक तरी उडी स्वच्छ पाहिजे. दोन वर्षं पोरगी पहाटे उठून सरावाला जाते, मला माहीत आहे ना, जिन्यात पाऊल वाजलं की मी दार उघडून बघतेच. शनिवारी माझ्याकडे आली, लाजत लाजत. 'काकू, उद्या बोटीत याल? तुम्हीच हव्यात.' तुम्हीच! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. नवीन चपला काढल्या, डबा भरला, जिन्यातल्या सगळ्यांना सांगून निघाले.

तिथं गेल्यावर कळलं. बोटीत वजन लागतं. एरवी पाण्यानं भरलेल्या मोठ्या पिशव्या ठेवतात, पण पिशव्या भरायचा पंप नेमका जळालेला. म्हणून मी. पिशवीच्या जागी! बोटवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, 'वा, काम झालं!' माझ्याकडे बघून एवढं समाधान आमच्या ह्यांनाही कधी वाटलं नाही.

मग त्यानं समजावलं. 'काकू, वजन मागं गेलं की लाट उभी चढते. पुढं आलं की लांबट, पसरट होते. आणि एका अंगाला गेलं की बोट कलते, मग एका बाजूची लाट काचेसारखी आणि दुसऱ्या बाजूला नुसता फेस. फेसावरून उडी मारता येत नाही.' मी मान डोलावली. कळलं काही नाही. मी म्हटलं, ते सगळं खरं, पण मी बसू कुठं?

बसवलं एकदाचं. पलीकडच्या बाजूला पोरीची आई. ती म्हणजे वाळलेली काडी, ती बोटीत असली काय नि नसली काय. बोट सुटली, पोरगी पाण्यातून उभी राहिली, सगळं छान... आणि आईचा फोन वाजला. तिनं तोंड फिरवलं आणि हळूच म्हणाली, 'हो, पण तिला अजून सांगितलं नाही.' आता तुम्हीच सांगा! कुणाला सांगितलं नाही? काय सांगितलं नाही? मी सरकले, वीतभर सरकले असेन. तर मागं एका बाजूला फेसच फेस, पोरगी उडाली आणि पालथी पडली!

'काकू, डावीकडे!' बोटवाला ओरडला. अहो, पण मी पोरीकडे तोंड करून बसलेली, तो पुढं तोंड करून. माझी डावी की त्याची डावी? मी माझ्या डावीकडे गेले. बोट आणखी कलली. 'दुसरी डावी, काकू, दुसरी!' दुसरी डावी असते कुठं? तुम्हाला सांगते, तेव्हापासून मला घरातसुद्धा डावं-उजवं कळेनासं झालंय. आणि फोन कुणाचा होता? तर म्हणे शिंप्याचा. शिंप्याशी एवढं कुजबुजण्यासारखं काय असतं हो?

दुसरी फेरी. मी दोन्ही हातांनी सीट धरून ठेवलेली. शपथ घेतली होती. पण शेजारून दुसरी बोट गेली आणि त्यात आमचा कोपऱ्यावरचा दुकानदार, गॉगल लावून! आणि त्याच्या शेजारी एक बाई, आणि ती त्याची बायको नव्हती. मी उठले नाही, खोटं कशाला बोलू... अर्धी उठले. पुन्हा फेस. पुन्हा पोरगी पाण्यात.

वर आली, दोरी धरली आणि ते मोडून जुळलेलं मनगट नुसतं झटकत राहिली. काठावर परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पोरगी माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं हो. मी म्हटलं, 'मला उतरवा. माझ्या जागी दगड ठेवा, दगड हलत नाही.' तर पोरगी पाण्यातूनच म्हणाली, 'दगड शोधायला वेळ नाही, काकू. एवढी एकच फेरी. प्लीज.'

मी रडवेली. म्हटलं, बसते गं बाळा, पण कुठं?

बोटवाल्यानं मला आपल्या पाठीमागं, अगदी मधोमध बसवलं. बोट सुरू केली आणि मान न वळवता, हळू आवाजात म्हणाला, 'काकू, एक सांगू? कुणाला बोलणार नाही ना?'

मी? मी कुणाला बोलणार?

'माझं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी नवरी हॉलच्या दारापर्यंत आली, हातात एक लाल पेटी होती...'

इंजिनाचा आवाज, वारा, त्यात हा पुटपुटतोय! मी कान पुढं केला आणि तशीच राहिले. श्वाससुद्धा बेतानं घेत होते. 'तिनं पेटी माझ्या आईच्या पायाशी ठेवली. आईनं ती उघडली. आणि आत बघून माझी आई...'

तेवढ्यात टाळ्या! पोरीची आई ओरडतेय, काठावर परीक्षक बाई चक्क उभ्या राहिल्यात, पोरगी पाण्यात हात वर करून हसतेय. दोन्ही लाटा काचेसारख्या होत्या म्हणे. पोरगी इकडून उडाली ती तिकडं उतरली, थेंबसुद्धा उडाला नाही म्हणे. म्हणे! कारण मी बघितलंच नाही. बोटवाला सोडला तर सगळ्या बोटीत मी एकटी पुढं तोंड करून!

मी बोटवाल्याला विचारलं, 'आईनं पेटीत काय बघितलं?' तर म्हणतो, 'कसली पेटी?' आणि दोरी गुंडाळायला लागला!

पोरगी निवडली गेली. येऊन मला मिठी मारली, ओल्या अंगानं, माझा सगळा ड्रेस भिजवला. मी तिच्या कानात म्हटलं, 'बाळा, या बोटवाल्याचं लग्न का मोडलं गं?' ती म्हणाली, 'कुणाचं? त्याला दोन मुलं आहेत, काकू.'

आता मला सांगा, मग ती लाल पेटीवाली कोण?

पंप दुरुस्त झालाय. पिशव्या भरल्यात. पोरगी म्हणाली, 'काकू, आता तुम्हाला त्रास नाही.' मी म्हटलं, त्रास कसला? पुढच्या रविवारी दोन पिशव्या काढा आणि मला घ्या. बसायचं कुठं ते मला आता पक्कं ठाऊक आहे... त्याच्या पाठीमागं, मधोमध. पेटीत काय होतं ते कळेपर्यंत बोट बुडाली तरी मी हलत नाही.