कोयंड्यातलं कुलूप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिवणकेंद्राचे संस्थापक, ज्यांना आम्ही सगळ्या नुसतं साहेब म्हणतो ते साहेब. वेळात वेळ काढून आलेल्या उद्योग खात्याच्या अधिकारी बाई. व्यासपीठावरची समितीची मंडळी. केंद्रातल्या माझ्या मैत्रिणींनो. आणि मागच्या रांगांत बसलेले त्यांचे नवरे, भाऊ, दीर, सासरे, सर्वांना माझा नमस्कार.

भाषणाची मला सवय नाही. अकरा वर्षांत मी मोठ्या आवाजात दोनच वाक्यं बोलले. सकाळी "दहा वाजले" आणि संध्याकाळी "पाच वाजले". त्यामुळे मध्येच थांबले तर सुई तुटली असं समजा आणि जरा दम धरा.

साहेबांनी आत्ता माझं एवढं कौतुक केलं, की हा निरोप समारंभ दुसऱ्याच कुणाचा आहे असं मला वाटायला लागलं. ते म्हणाले, "या बाईंनी अकरा वर्षांत एक दिवससुद्धा दाराचं कुलूप उघडं राहू दिलं नाही." टाळ्या पडल्या. मागच्या रांगांत जरा जास्तच पडल्या. मला त्या टाळ्यांविषयीच बोलायचंय. पण अधिकारी बाई आपल्याकडे पहिल्यांदा आल्यात, म्हणून आधी थोडं मागचं सांगते.

बाई, आमचं केंद्र म्हणजे एक लांबट खोली. चोवीस मशिनं, दोन खिडक्या, एक जाळीचं दार. शाळांचे गणवेश आणि दवाखान्याच्या चादरी शिवतो. केंद्र निघालं तेव्हा मशिनं आली, कापडाचे गठ्ठे आले, बायका आल्या नाहीत. साहेब दारोदार फिरले. चपला झिजवल्या म्हणतात ना, तशा खरोखर झिजवल्या. प्रत्येक घरी एकच प्रश्न. तिथे कोण येतं, कोण जातं? कामाला म्हणून निघालेली बाई कामावरच असेल कशावरून? शेवटी साहेबांनी तोड काढली. दाराला आतून कुलूप. दहाला बंद, पाचला उघडायचं. मध्ये उघडायचं ते घरचं माणूस न्यायला आलं तरच. आठवड्याभरात एकही मशीन रिकामं राहिलं नाही.

साहेबांना मी दोष देत नाही. त्या कुलपामुळेच आम्ही घराबाहेर पडलो. ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण झालं ते असं.

किल्ली माझ्याकडे का, असं मी तेव्हा विचारलं होतं. साहेब अगदी मायेनं म्हणाले, "ताई, तुम्हाला मधूनच घरी बोलावणारं कोणी नाही." खरं होतं. माझे हे जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. किल्ली मी मापाच्या फितीला बांधली आणि गळ्यात घातली. बायका तोंडावर मला जेलरबाई म्हणायच्या. मीही हसायचे. मान होता, पंखा माझ्या डोक्यावर होता, आणि दुपारी वाचायला मिळायचं.

वाचनाचं सांगते, तेही केंद्राचेच उपकार. माझी शाळा चौथीत सुटलेली. पण गणवेशाचे नमुने आम्ही रद्दी पेपरातून कापतो. बेतायच्या आधी मी ते वाचायला लागले. बाहीवर चोर पकडला जायचा, आणि त्यानं काय चोरलं ते पाठीच्या भागात गेलेलं असायचं. कितीतरी माणसं माझ्या हातून मुंढ्याशी, बाही जोडतात तिथे, अर्धी कापली गेली. पुढे मुलानं वाचनालयातून पुस्तकं आणून दिली. पुस्तकाला शेवट असतो, याचंच मला बरेच दिवस नवल वाटायचं.

आता ती दुपार.

आमच्यात एक काजवाली आहे. शर्टांची काजं करते, म्हणून काजवाली. चार वर्षांपूर्वी, तीनच्या सुमाराला, तिच्या माहेरची शेजारीण खिडकीखाली येऊन ओरडली, "अगं, लवकर चल, तुझ्या आईचं काही खरं नाही!" माहेर मागच्याच गल्लीत. काजवाली उठून माझ्यापुढे आली.

"ताई, दार उघडता का?"

मी म्हटलं, "घरचं कुणी येऊ दे गं. नियम आहे."

"यांची ड्यूटी परगावी आहे. घरचं कोण येणार? घरचं माणूसच तिकडे पडलंय ना!"

मी साहेबांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते. पुन्हा लावला. किल्ली माझ्या गळ्यात होती, दार चार पावलांवर होतं, आणि मी फोनकडे बघत बसले होते. एक जण म्हणाली, "उघडा की हो ताई, कोण बघतंय?" दुसरी म्हणाली, "आणि उद्या कुणाच्या सासऱ्यानं विचारलं तर? सगळ्यांचंच बंद होईल." काजवाली परत जाऊन मशीनवर बसली. हातातल्या शर्टाची राहिलेली काजं तिनं पुरी केली. साडेचारला तिची आई गेली. पाच वाजता मी म्हटलं, "पाच वाजले", आणि दार उघडलं.

माझे हे गेले तेव्हा मीही दवाखान्याच्या दाराबाहेर होते. भेटीची वेळ संपली होती. शिपाई म्हणाला, उद्या या. तो शिपाई मी कधी विसरले नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर आरशात मला तोच दिसला.

काजवाली चौथ्या दिवशी दहाच्या ठोक्याला हजर. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. फक्त तिनं आपलं मशीन ओढून दाराजवळ घेतलं.

तर साहेब, तुम्ही मघाशी जे म्हणालात, त्यात एक दुरुस्ती आहे. त्या दिवसापासून मी कुलूप लावलेलं नाही. कोयंड्यात अडकवायचं, दाबायचं नाही. लांबून बंदच दिसतं. पाच वाजता किल्ली फिरवल्यासारखं करायचं. चार वर्षं ते दार उघडं होतं.

मागे कुजबुज चाललीय, ती मला ऐकू येतेय. चालू द्या. तुम्हालाच विचारते. चार वर्षं तुमच्या घरच्या बायका उघड्या दाराआड बसल्या, पाचला सुटून सरळ घरी आल्या. तुमची एकही तक्रार नव्हती. साहेबांनी आत्ताच तसं सांगितलं आणि तुम्हीच टाळ्या वाजवल्यात. मग उद्या सकाळी त्यांना अडवलंत, तर कारण काय सांगाल?

पण मोठी चूक माझीच आहे. मी ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बातमी साहेबांपर्यंत गेली असती, दुसरी बाई आली असती, दुसरं कुलूप आलं असतं. असं मी मनाशी म्हणायचे. आणि गप्प राहून काय केलं? मैत्रिणींनो, तुम्हाला कुलूप न लावता कोंडून ठेवलं. कोणाचं पोर तापानं फणफणलं, कोणाच्या घरी पाहुणे आले, तुम्ही दाराकडे बघायचात आणि परत मान खाली घालायचात. एकीनंही ते ढकलून बघितलं नाही. मला तर ठाऊक होतं. मी दुपारी दाराकडे तोंड करून जेवायचे. समोर रस्ता, रस्त्यावर ऊन. एकदाही उठून बाहेर गेले नाही.

एकीला मात्र कळलं होतं. एकदा मशिनांच्या हादऱ्यानं कुलूप निसटून खाली पडलं. खणकन आवाज झाला. काजवाली उठली, तिनं कुलूप उचललं, होतं तसं अडकवलं, दाबलं नाही. "काय पडलं गं?" कोणीतरी विचारलं. "काही नाही, माझा डबा," असं म्हणून ती काज करायला बसली. माझ्याकडे बघितलंही नाही.

आता कार्यक्रमपत्रिकेत पुढचं छापलंय, 'नव्या पर्यवेक्षिकेस किल्ली प्रदान'. नवी पर्यवेक्षिका म्हणजे माझी सूनबाई. तीन वर्षं केंद्रात मशीनवर आहे. परवा कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "आई, मला किल्ली नको. मला कटिंगला बसवा." मी म्हटलं, "अगं, किल्लीचा मान असतो." तर म्हणते, "मग मान मिळालेलं माणूस असं दिसतं का?" सासूला असं बोलतात का? पण बोलली.

गेल्या आठवड्यात मी साहेबांकडे नुसता विषय काढला होता. ते म्हणाले, "ताई, कुलूप काढलं तर निम्म्या बायका घरी बसतील. हे पाप कोण घेणार?" साहेब चुकीचं बोलत असतील असं मला वाटत नाही. उद्या दहा वाजता किती मशिनं चालू असतील, मला ठाऊक नाही. मी जातेय, आणि हे असं सगळं तुमच्या गळ्यात टाकून जातेय. पण किल्ली मी कोणा बाईच्या गळ्यात घालणार नाही. सूनबाई, तू उठू नकोस, बसून राहा. ही किल्ली मी साहेबांसमोर टेबलावर ठेवते. आणि माझी कैची, ती केंद्राची नाही, माझी स्वतःची आहे, ती घरी गेल्यावर तुला देते.

साहेबांनी मला काम दिलं, त्यावर माझं घर उभं राहिलं. त्यांचे आभार. अधिकारी बाईंचे आणि समितीचे आभार. मैत्रिणींनो, तुमचे किती मानू? बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. ती एक दुपार मात्र घालू नका. तिची माफी देणं तुमच्या हातात नाही, साहेबांच्याही नाही. जिच्या हातात आहे ती काजवाली तिसऱ्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसलीय. मी तिच्याकडे अजून माफी मागितलेली नाही. आता खाली उतरून आधी तिच्यापाशी जाणार आहे. तिला उठून जायचं असेल तर तिनं जावं.

बाकी काय बोलू? पाच वाजले.