मरून राह्यलो

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात, तेवढं सांभाळून घ्या. शाळा आठवीतच सुटली. म्हणून पहिलं नाटक लिहिताना प्रत्येक वाक्य पुस्तकासारखं ठेवलं. गावाने हसू नये, एवढीच भीती होती.

नाटकातल्या बापाचं काम आमच्या अल्लीपूरचे किराणावाले वसंतकाका करत होते. मरताना त्यांचं वाक्य होतं, "मुली, माझा अंत समीप आला आहे." तालमीत ते रोज तिथेच अडायचे.

"काऊन रे, मरणारा माणूस असा बोलते का?"

"नाटकात असंच बोला लागते, काका."

प्रयोगाला मी वही घेऊन विंगेत उभा होतो. काका खाटेवर पडले आणि वाक्य विसरले. मी आतून दोनदा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"पोरी, मी मरून राह्यलो व," ते म्हणाले. "जवळ ये ना."

आता लोक हसणार म्हणून मी डोळे मिटले. कोणी हसलं नाही. समोर बसलेली एक म्हातारी उठली आणि मुलीचं काम करणाऱ्या पोरीवर खेकसली, "पाहून काय राह्यली? पाणी पाज त्याले."

पोरीने खरंच पाणी आणून पाजलं. ते मी लिहिलंच नव्हतं.

पडदा पडल्यावर काका म्हणाले, "तू लिहिलं तसं मरता नाई येत बा मले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी त्यांच्या पायरीवर जाऊन बसलो. म्हटलं, "काका, आता पहिल्या प्रवेशापासून तुम्ही बोला. मी लिहितो."