पाचवा दात

—अहो, हात नका लावू! भिंगातून बघा, त्यासाठीच ठेवलंय. चावायचा नाही हो, खेकड्याचा दगड होऊन युगं लोटली— पण आमच्या साहेबांचा जीव अडकलाय त्यात. दुसऱ्या संस्थेतून तुम्ही तपासायला येणार म्हटल्यापासून तीन दिवस नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. हं, बघा— पाठ रुंद, मधोमध खाच, डावी नांगी उजवीपेक्षा जाड— आणि पोटाखालची ही पट्टी, पसरट आहे ना? म्हणजे मादी. साहेबांनी नर लिहिलं होतं! म्हटलं, साहेब, उलटी करून तरी बघा बिचारीला. तर म्हणतात, "बाई, तुम्ही तुमची सुई चालवा." तीस वर्षं सुईच तर चालवतेय! हिला गोट्यातून टोकरून काढायला अकरा महिने लागले, मानेची वाट लागली, डोळे गेले— आणि छापून कुणाचं येणार? साहेबांचं. आमचं नाव आजवर आभारातसुद्धा नाही. मागं नव्या प्रजातीचा शिंपला सापडला, त्याला सासऱ्यांचं नाव दिलं, हिला बायकोचं देतील, दुसरं काय!

काय म्हणालात? पाठीच्या कडेचे हे करवतीसारखे दात? हां, तीच तर गंमत. बाकीच्या जातींना चार, हिला पाच— त्या पाचव्याच्या जिवावर तर नवी प्रजाती म्हणून नाचतायत. कसला दात न् कसलं काय! माझी सुई निसटली, डाव्या कडेचा टवका उडाला, मी गोंदात दगडाची पूड कालवून भरली— जरा जास्तच भरली गेली. वाळते न वाळते तोच साहेब भिंग घेऊन हजर— पाचवा दात! उजवी कड मुळातच फुटलेली, ताडून बघणार कशाशी? सांगायला गेले होते हो मी. तर पुन्हा तेच, सुई चालवा. म्हटलं, बरं. चारचौघांत तोंडावर आपटाल तेव्हा कळेल.

कसला कागद हा? लेखाचं पहिलं पान? थांबा, चष्मा— हं. प्रजातीचं नाव... अहो, हे तर माझं नाव आहे.

साहेबांनी दिलं? मला एका शब्दानं बोलले नाहीत. खाली काय लिहिलंय— "जिच्या हातांनी ही दगडातून बाहेर आली, तिच्या नावे." अगं बाई.

मग आता— तो दात गेला तर प्रजातीच गेली, नाही का? आणि नावही. अहो, मघाशी मी बोलले ना, ते काही खरं धरू नका. मला बडबडायची सवय आहे, साहेबांवर राग होता म्हणून आपलं... वहीत काय लिहिलंत तुम्ही? खोडा ते. माझ्यादेखत खोडा. अहो, वही का मिटताय? अहो—