दहा खटके, एक भोक

डोळ्यांच्या दवाखान्यात अकरा खुर्च्या होत्या आणि माणसं चार. माझ्या शेजारी लेथ मशीनवर काम करणारे एक म्हातारे टर्नर डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. सोबत त्यांची मुलगी.

"बाबा, उद्या गिऱ्हाईक लेथ बघायला येतंय. आता मोडता घालू नका."

"आधी माझ्या खिशातली चकती काढ. सकाळीच केलीय."

"ही कडेची सहा भोकं? तुम्हाला तर खूण दिसत नाही!"

"खूण हवीय कुणाला? लेथच्या फिरत्या दांड्याच्या, स्पिंडलच्या मागे साठ दात्यांचं चाक बसवलंय. फिरवलं की खीळ दात्यांवरून खटखट करते. दहा खटके मोजायचे, खीळ अडकवायची, आणि कडेला धरलेलं ड्रिल पुढे ढकलायचं. डोळे मिटूनच केलं."

"आणि बोट गेलं असतं म्हणजे?"

"दहाच्या दहा आहेत, मोज."

"बाबा!"

"ओरडू नकोस, लोक बघतायत. दुसऱ्या खिशातलं कॅलिपर घे आणि मोज. भोकांमधल्या अंतरात अर्ध्या मिलिमीटरचा जरी फरक निघाला, तर मीच लेथ टेम्पोत चढवून देतो."

"आणि नाही निघाला तर?"

"तर गिऱ्हाइकाला चहा पाज आणि वाटेला लाव."

तिने सहाही अंतरं मोजली. मग पुन्हा मोजली.

सगळ्यात मोठा फरक एक दशांश मिलिमीटर होता.