रिकामी खुर्ची

‘त्या खुर्चीत आपलं माणूस बसायचं नाही’ — हे तुम्हीच सांगितलंत ना, काका? आणि का, ते विचारायचं नाही, हेही तुम्हीच. चर्चच्या दर घरसभेत एक खुर्ची मोकळी ठेवायची, नव्या माणसासाठी प्रार्थना करायची, कुणी आलंच तर सहाव्या आठवड्याला ‘येशूला स्वीकारलं’ असं पत्रक भरून घ्यायचं. ठेवली की. वर्षभर दर गुरुवारी आमच्या बाहेरच्या खोलीत बाकीचे दाटीवाटीनं, आत्या तर गुडघे धरून स्टुलावर — आणि खुर्ची आपली ऐसपैस. नाही, थांबा, मला बोलू द्या. बाबा, तुम्हीही वडीलमंडळींतले म्हणून खाकरू नका.

मग इस्त्रीवाल्या मावशी आल्या. सुवार्ता ऐकायला कुठल्या, कपडे द्यायला आल्या होत्या. चार मजले चढून दम लागलेला, खुर्ची दिसली, बसल्या. गठ्ठा मांडीवर तसाच. आम्ही गीत म्हणत होतो, त्या ऐकत राहिल्या. पुढच्या गुरुवारी परत. कुणी बोलावलं होतं? कुणी नाही. पाच गुरुवार आल्या. सहाव्याला तुम्ही आलात, पत्रक घेऊन, आणि सगळ्यांसमोर — “मग बाई, निर्णय काय झाला?” जशी काही गॅसची जोडणी घ्यायचीय. त्या उठल्या, गठ्ठा उचलला, गेल्या. आता कपडे खाली वॉचमनकडे ठेवतात.

आणि मी म्हणे त्यांच्या दारी जाऊन सही आणायची. का? तर तुम्ही वार्षिक सभेत ‘एक जीव जिंकला’ सांगून मोकळे झालात. बाजारात तुरी म्हणतात, त्या ह्याच.

जिंकला म्हणे. त्यांनी मला जिन्यात काय विचारलं, ठाऊक आहे? “पोरी, हा निळा ड्रेस दर आठवड्याला येतो, पण त्याला चुरगळ म्हणून नसते. घालतं कोण?” — कुणी नाही. आईचा आहे. — हे मी इथं सांगणार नव्हते. बाबा, माफ करा, तुमच्या नकळत द्यायची मी. परत येतो तेव्हा गरम असतो ना, म्हणून. तेवढंच. आई जाऊन चौदा महिने झाले, माझ्यासाठी प्रार्थना तुम्ही रग्गड केल्यात — मोठ्यानं, नावानिशी — पण कपाट उघडून बघावं तसं विचारलं त्या एकटीनं. मग सुवार्ता कुणी कुणाला सांगितली, तेही लिहा त्या पत्रकावर.

मी जाणार नाही. गेलेच तर माफी मागायला जाईन, रिकाम्या हातानं. आणि या गुरुवारी त्या खुर्चीत मी आत्याला बसवलं. आकाश कोसळलं नाही. मावशी आल्या तर मी उठेन, माझी देईन.

 

बरं. पत्रक टेबलावर ठेवलंय. कोरं आहे.