घरची फटफटी

उनात उभी हाय म्हणून तशी दिसून राहिली, भाऊ, सावलीत घेतली का मंग रंग पाहा तुमी — टाकीले एक ओरखडा नाई. कोणता? तो? तो तं संत्र्याचं कॅरेट घासलं होतं एक डाव — बरं, एक ओरखडा हाय. बसा. बाजेवर बसा न, गाडी कुठं पळून नाई चालली. भाव पोरानं सांगतलाच असन तुमाले फोनवर, त्याच्यात मी पडत नाई, फोटो बी त्यानंच टाकला, गिराईक बी त्यानंच पाठवलं, मले फकस्त चावी द्याची हाय. पण चावी घ्याच्या आधी माणसानं दोन गोष्टी ऐकाव्या का नाई? ऐकाव्या. काहून का हे माही पाचवी हाय, अन् आता सहावी काही होत नाई.

पहिली राजदूत. मोर्शीच्या गुरांच्या डॉक्टरची, त्याची बदली झाली अन् मले भेटली. तवा फटफटी आली म्हटलं का लोकं ढोरं बाजूले घेत. मागं वांग्याचे दोन पोते, टाकीवर एक, अन् मी कोठी बसत होतो ते माहं मलेच मालूम नाई. जमुनाले त्याच्यावरच आणली न — माह्या मंडळीले. लग्न लागलं मोर्शीले, लोकं म्हणत बैलाची धमणी सांगा, जीप सांगा, म्या म्हटलं काहून? घरची गाडी हाय न. नवी नवरी, हिरवा शालू, अन् माह्या अंगाले हात लावन तं शपथ — मागचं कॅरियर धरून बसली. अर्धा रस्ता तसाच. मंग एक खड्डा आला भल्ला मोठा, तवा तिनं खांदा धरला, अन् मंग काही सोडला नाई. मी समोर पाहून बोलत होतो, ते मागून हूं म्हणत होती. पुरी जिंदगी तसंच चाललं आमचं. मले तिचं तोंड कमी अन् हूं जास्त मालूम.

दुसरी येझदी, अकोल्याच्या एका ठेकेदाराची. काय आवाज होता तिचा! वेशीवर आलो का जमुना घरात तव्यावर भाकर टाके, मी हात धुवून बसलो का भाकर तयार. त्याच गाडीवर ते सुरू झालं. काय म्हणजे? पेशंट. आमच्या गावात तवा दवाखाना नाई, एसटी दिवसातून दोन, तेही मर्जीनं. शेजारच्या कौशल्याबाईची नणंद वच्छला, तिची बाळंतपणाची वेळ आली अन् अडली. म्या गाडी काढली. तिले मधात बसवली, मागं तिची माय, अन् जमुनानं आपलं जुनं लुगडं आणलं अन् तिघाले एका ठिकाणी कसून बांधून टाकलं, गाठ माह्या पोटावर. चांदूर बाजारच्या दवाखान्यात पोट्टी झाली. गीतांजली. मास्तरीण हाय आता, रस्त्यात दिसली का पाया पडते. मंग गावाले आदतच लागली — साप डसला, चाला गोवर्धनभाऊकडं. बैलानं मारलं, चाला गोवर्धनभाऊकडं. फवारणीचं औषध नाकात गेलं, चाला. जमुना लुगडं खुंटीवरच टांगून ठेवे. अन् सांगतो तुमाले, एक माणूस नाई गेलं माह्या गाडीवर. एक नाई, चाळीस वर्सात. म्हणजे — तवरोक तं नाई.

तिसरी बुलेट. आठ महिने. अकोल्याले बहिणीकडं गेलो, जेवून बाहेर आलो तं जागा रिकामी. रस्त्यावरच बसलो अन् लहान लेकरावानी रडलो. जमुना म्हणे, माहे बाबा गेले तवा तुमी इतके नाई रडले. खरंच बोलत होती ते. चौथी हिरो होंडा. ते रागिणीच्या लग्नात जावयाले देल्ली — त्यानं मांगतली नव्हती बरं, मीच देल्ली. पोट्टी एवढ्या दूर अकोल्याले चालली, तिच्या दारात घरची गाडी पायजे का नाई? दोन वर्सानं गेलो तं अंगणात गाडी नाई. जावई म्हणे, बाबा, कार घेतली न, ते भंगारात देल्ली. म्या म्हटलं, बरं केलं. चहा पिलो. परतीच्या एसटीत मी बोललो नाई अन् जमुनाले समजलं. घरी येऊन म्हणे, घ्या वं बाई आता दुसरी, तुमचं फटफटीबिगर जमत नाई. असं म्हणे मले — वं बाई. चिडवे. मंग हे स्प्लेंडर. रंग तिनंच निवडला. काळा. म्हणे, काळ्यावर धूळ दिसते, मंग तुमी रोज पुसान.

तो तांब्या द्या इकडं, दोन घोट पाणी पेतो.

मागच्या दिवाळीच्या आठ रोज आधीची गोष्ट. सकाळचे दहा. जमुना इथंच, तुमी बसले त्या बाजेवर, मेथी निवडत होती. म्हणे, छातीवर कोणी पाय देल्ल्यावानी वाटून राहिलं. पाहतो तं घामानं थबथब. म्या कुलदीपले फोन लावला — माहा पोरगा, तुमी बोलले तो, अमरावतीले औषधाच्या दुकानात हाय. तो म्हणे, बाबा, मायले झोपवा, बिलकुल हालवू नका, अन् एकशे आठले फोन करा. ऐकून राहिले न बाबा? म्या म्हटलं ऐकलं. फोन ठेवला. अन् मले काय झालं सांगू? मले राग आला. पुऱ्या गावाले पोचवलं म्या, लोकायच्या माया-बहिणीले पोचवलं, अन् माही बायको दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहत पडून राहीन? दारात घरची गाडी उभी असून? कौशल्याबाई धावत आली, म्हणे, गोवर्धनभाऊ, मी बसते मागं तिले धरून. म्या म्हटलं, तुमी चप्पल शोधान, घराले कुलूप लावान, तवरोक मी वलगाव गाठतो. बसवली तिले. लुगडं काढलं खुंटीवरचं. या खेपेले गाठ म्याच बांधली. ते म्हणे, ढिली बांधा, दम कोंडते. म्या कसूनच बांधली. पडू नये म्हणून बांधली, भाऊ.

बोलत गेलो मी, तिचं ध्यान दुसरीकडं लागावं म्हणून. संत्र्याचं बोललो, रागिणीच्या पोराचं बोललो. चांदूर बाजारच्या अलीकडं समोरून ॲम्ब्युलन्स आली, भोंगा वाजवत, भल्ल्या जोरात. म्या काय केलं? गाडी पार डांबराखाली घेतली अन् पाय टेकवून उभा राहिलो. रस्ता द्या लागते न त्याईले. म्हटलं, जमुना, हात जोड वं, कोणाच्या घरी काय झालं असन, देव जाणे. ते हूं म्हणली. मले वाटते म्हणली. म्हणलीच असन.

माह्याच घरी चालली होती ते. कौशल्याबाईनं बलावली होती. माह्या समोरून गेली, भाऊ, इतक्या जवळून, का हात लांब केला असता तं लागला असता, अन् मी तिले रस्ता देऊन मोकळा झालो.

चांदूरच्या दवाखान्यात बी थांबलो नाई. म्हटलं अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातच नेतो, कौशल्याबाईनं फोन केला असन, पोरगा उभा असन. पोरगा उभा होताच, पायरीवर. गाठ सुटे ना. घामानं आवळून गेली होती, शेवटी वार्डातल्या माणसानं कैची आणली. मी त्याले म्हणो, दादा, सांभाळून, तिले लागन. तो नुसता माह्या तोंडाकडं पाहे. डॉक्टर म्हणे, अर्धा घंटा होऊन गेला. अर्धा घंटा म्हणजे कोठी? मी हिशेब करतो रोज. वलगावच्या आधी? पेढी नदीच्या पुलावर? पुलावर तं मी तिले सांगत होतो का यंदा नदीले पाणी बरं हाय. मेलेल्या बायकोले सांगत होतो मी, नदीले पाणी बरं हाय म्हणून. अन् डॉक्टर म्हणे, झोपवून आणाले पायजे होतं. वाचली असती का? म्या इचारलं नाई. तुमी असते तं इचारलं असतं?

कुलदीप भांडला असता तं बरं झालं असतं. एकच बोलला, बाबा, ॲम्ब्युलन्स घरी जाऊन रिकामी वापस आली. तेरवी झाली अन् गेला. त्याचं म्हणणं, हे गाडी अंगणात हाय तवरोक मी पाय ठेवत नाई. चैतात त्याले पोट्टी झाली, म्या अजून हातात नाई घेतली, फोनात पाहिली. डोळे जमुनाचे हाय का काय ते फोनात समजत नाई बुवा. परवा त्याचा फोन आला. गिराईक पाठवतो म्हणे, गाडी गेली का रविवारी येतो, प्रियदर्शनीले अन् पोट्टीले घेऊन. प्रियदर्शनी म्हणजे माही सून. तवापासून मी काय करून राहिलो? अंगण सारवलं. रागिणीचा जुना पाळणा माळ्यावरून काढला, धुतला, दोऱ्या नव्या लावल्या. मंग विकू नाई तं काय करू? गाडीच हाय शेवटी, लोखंडच हाय. घ्या. हे चावी. कागदं त्या थैलीत हाय, सारे. चालवून पाहा, बसा वर, बसा. तुमाले शोभते.

राहता कोठी म्हणलात? मोर्शीच्या पुढं, संत्र्याच्या बागेत. राखणीले. रस्त्यापासून तीन-चार किलोमीटर आत, म्हणजे गाडी तं लागतेच. घरी कोण? मंडळी. शालू, बरं, चांगलं नाव हाय. अन् — सातवा महिना? चाला, आनंदाची गोष्ट हाय. पहिलंच का? पहिलंच.

काय म्हणलात? नाई, ऐकू आलं, पण पुन्हा सांगा.

आपली गाडी असली का कोणाची वाट पाहाचं काम नाई, म्हणता.

चावी द्या. नाई, हासून नका राहू, द्या चावी. पैसे खिशात ठेवा, मले दाखवू नका ते. हो, झाला होता सौदा, आता नाई झाला. काय करान करा, सांगा कुलदीपले, लावा फोन माह्यासमोर, सांगा त्याले का म्हातारा फिरला. तो येणार नाई रविवारी, मालूम हाय मले. पाळणा परत वर टाकीन. मले का समजत नाई का मी काय करून राहिलो? दुसरीकडं भेटन तुले गाडी, बापू, बाजारात ढीगभर गाड्या हाय, मी कोणाकोणाले रोकीन? पण या सीटवर ते पोट्टी बसणार नाई, पोट घेऊन, तुह्या मागं, तू समोर पाहून बोलत जाशीन अन् — उतर. उतर खाली. फाट्यावर एसटी येते अर्ध्या घंट्यानं.

जा म्हणतो न.