चवथं का पाचवं

—नाई जी, असे उंबऱ्यावरून परत नका जाऊ. आत या तानबाकाका. कागद मंग देजा, पयले पानी घ्या. सायकल त्या निंबाखाली लावा, नाईतर या उन्हात ट्यूब फुटन—लावली? बसा मंग. नंदिनी, पाय जवळ घे बाळा, आजोबाले खाटेवर बसू दे. हे वसतिगृहातले आजोबा होय, बाबाच्या संगं काम करतात. तुमीच न जी, घंटी वाजवता तिथं? नाव लई ऐकलं तुमचं. तानबाकाकाची जेवनाची घंटी झाली अन् माह्या वरनात मीठ पडाचं राह्यलं असं एक दिवसही झालं नाई, असं म्हनत हे. मी घरवाली त्याहीची. वळखलं असनच.

वार्डन साहेबानं धाडलं? प्रभाकररावानं सोता? बापा. तब्येत कशी हाये म्हनून विचारलं असन. बरी हाये. बरी म्हनजे—कावीळ काय एका दिवसात उतरते का जी? घरी नाई न ते. माह्या माहेरी ठेवले, आर्वीकडे. तिथं एक वैदू हाये, तो गळ्यात माळ घालते, बारीक काड्याची, अन् जसजशी कावीळ उतरते तसतशी माळ लांबत जाते. पयले गळ्याशी होती, मंग छातीवर आली. आता बेंबीपर्यंत आली म्हना न. मी पाह्यली. या डोळ्यानं पाह्यली. डोळे असे पिवळे झालते त्याहीचे, जशी लग्नातली हळद. पन पथ्य लई कडक हाये. तेल बंद, हळद बंद, पहाटे पाच वाजता उठवतात, आंघोळ झाली की सगळे गोल बसतात अन् एकएक जन उभा राहून आपापलं सांगते—

गोल म्हनजे—गर्दी असते न वैदूकडे. म्हनून गोल बसवते तो. रांगेत बसवलं तर भांडनं होतात.

चहा ठेवते. नाई कसं? आमच्या घरचा चहा नाई घेत काय? तसं नाई न? मंग बसा. दूध हाये, सकाळीच आनलं. ते राह्यले असते तर त्याहीनंच केला असता चहा. माह्या हातचा चहा त्याहीले कधी पटला नाई, दीडशे पोरांचं रांधनारा मानूस, घरी आल्यावर मले म्हने, सरक व, तुले आलं ठेचता येत नाई. अन् हात कसा चाले त्याहीचा, काका! तुमी तर पाह्यलं. डोळे मिटून मीठ टाकत. आता पुन्हा तसा झाला म्हनतात हात. मांगच्या बुधवारच्या फोनवर सांगत होते, अकरा दिवस झाले, हात हालत नाई, भरलेला गिलास सोता तोंडाले लावला, एक थेंब सांडला नाई—

कावीळीत थरथरते जी हात. अशक्तपनानं. काऊन नाई थरथरन?

तिच्या पायाकडे काऊन पाहून राह्यले? पोळलं. आंघोळीचं पानी उतरवत होती मी, ऊन पान्याचा गंज हातातून सटकला, अन् ही तिथंच उभी. माहीच चूक. आता सुकलं, खपली पडली, गुलाबी झालं पाहा. मलम लावते रोज—काय व? चूप बस. मोठे मानसं बोलतात तवा मंधात बोलू नाई. काई नाई म्हनली जी ती. चार वर्साची पोरगी, तिले काय समजते. काईही बोलते.

ऐकलं न तुमी.

ऐकलंच असन. खोली केवढीशी, अन् तिचा आवाज तर तुमच्या घंटीवानी. बाबानं सांडलं म्हनते. बाबा रडला म्हनते. जा नंदिनी, बाहेर खेळ. चप्पल घाल. जा म्हनलं न.

कावीळ नाई काका.

कावीळ नव्हतीच. आर्वीचा वैदू हाये खरा, माह्या मामाले घातलती त्यानं माळ, मामाच्याच माळीचं सांगितलं मी तुमाले. हे नागपूरले हायेत. दारू सोडवतात तिथं. तीस दिवस ठेवून घेतात. आज अठरावा.

तुमी तर तोंड पुसून राह्यले नुसतं. नवल नाई वाटलं? माहीत होतं? हाव, तुमाले कसं माहीत नसन, स्वयंपाकाच्या एका भट्टीपाशी पाच वर्सं काढली. पन कामावर नाई जी कधी पिऊन आले ते. कधीच नाई. म्हनजे सकाळी नाई. म्हनजे सकाळी जी घेत ती पिनं नव्हे हो, ती हात उभा राहाले लागे. ती घेतल्याबिगर लायटर पेटे ना, कांदा चिरला जाये ना. पहाटे उठून मोरीत जात, मले वाटे दात घासतात. अन् बंदी हाये म्हनतात आपल्या जिल्ह्यात! हाये न बंदी. बंदी हाये म्हनून दुकानापर्यंत जा लागत नाई, घरपोच येते. दुधाले मी चौकापर्यंत जाते, अन् ती मात्र दारात येते, रबराच्या ट्यूबमधी, दुधाच्या आधी.

त्या दिवशी मोरीत काई नव्हतं. आननारा आला नाई. ह्याहीले पाचले कामावर निघा लागे अन् पोरगी रडत उठली, तर मले म्हने, तू पोळ्या कर, मी तिले धुऊन देतो. मी पाहून राह्यली होती हात. पाहून राह्यली होती काका! हा गंज उचलाचा हात नाई, हे मले दिसत होतं, अन् मी बोलली नाई. कारन बोललं की भांडन, अन् भांडन झालं की कामाले उशीर, अन् उशीर झाला की तुमच्या वार्डन साहेबाचा शेरा. कायमची ऑर्डर निघाची होती न जी या दिवाळीले? पाच वर्सं रोजंदारी केली, एक शेरा नको म्हनून मी तोंड दाबून पोळी लाटत बसली, अन् मांगून पोरीचा आवाज आला.

दवाखान्यातून आलो तर हे उंबऱ्यावर बसले. आत येत ना. म्हने, मले कुठं घेऊन जाचं तिथं घेऊन चल. त्याहीच्या तोंडून पयल्यांदा. सात वर्सं मी म्हनत होती, सासू कमलाबाई म्हनून म्हनून थकल्या अन् गेल्या. तवा नाई, अन् आता सोता. तवा मी सगळं सोडून मांगं लागाले पायजे का नाई? पन मानूस पाहा कसा, एसटीत बसले, अन् जामचा चौरस्ता येईपर्यंत एक शब्द नाई. जामले गाडी थांबली, समोर धाबे, मी त्याहीचा शर्ट धरून बसली, उतरतात का काय. तर म्हनतात कसे—अर्ज दिला का व? माही जागा राहीन न?

तिथल्या डॉक्टरीनबाई चांगल्या हायेत. मले बाजूले घेऊन म्हनाल्या, ताई, औषध आमी देतो, पन इथून निघाल्यावर सकाळी उठून जाले ज्याले जागा असते, तो मानूस टिकते. ज्याले नसते तो पुन्हा येते, नाईतर येतही नाई. हे त्याहीच्यासमोर नव्हत्या म्हनाल्या. पन त्याहीले ठाऊक हाये जसं. दर बुधवारी चार वाजता फोन करू देतात, इथं मांगच्या घरी, हर्षाताईकडे. पोरगी कशी हाये विचाराच्या आधी विचारतात, जागा हाये न? मी म्हनते, हाये. त्या एका हाये-वर ते पुढचा बुधवार काढतात.

चहा थंड करू नका.

तुमाले आता सांगतेच. अर्ज मी दोन लिहिलते. सातवी शिकली मी, अक्षर चांगलं हाये माहं. पयल्यात खरं लिहिलं. माझ्या पतींना दारूचे व्यसन असून ते स्वतःच्या मर्जीने उपचाराला गेले आहेत, जागा राखावी ही विनंती. लिहून वाचलं, अन् तो शब्द कागदावर असा दिसाले लागला काका, जसा भिंतीवर इंचू. बंदीचा जिल्हा, ग्रँटचं वसतिगृह, लेकरांचं रांधनं, अन् मी माह्या हातानं लिहून देते, हा पेते म्हनून? पोलिसात गेला कागद तर? ऑर्डरच्या फायलीले लागला तर? मंग दुसरा लिहिला. तिथं कावीळ लिहिली. कावीळ काय, कोनालेही होते. कावीळीत अब्रू जात नाई.

तुमच्यात नसन, आमच्यात विहारात पंचशील घेतात, पौर्निमेले सगळे उभे राहून. पाच वचनं. चवथं—मुसावादा वेरमनी, खोटं बोलनार नाई. पाचवं नशेचं, नशापानी करनार नाई. हे माह्या बाजूले उभे राहात. चार शीलं खड्या आवाजात, अन् पाचवं आलं की आवाज असा खाली जाये, नुसते ओठ हालत. पाच वर्सं मी ते बाजूले उभं राहून ऐकलं, म्हनजे नाई ऐकलं. सोडलं नाई पन त्याहीनं, ओठ हालवत. गेल्या पौर्निमेले मी एकलीच गेलती. चवथं आलं अन् माहाच आवाज बसला. त्याहीचं पाचवं मोडलं म्हनून मी चवथं मोडलं. घरात आता धड तीनच राह्यले.

आना तो कागद. आना, किती वेळ खिशावर हात ठेवून बसान. वाचता येते मले.

"श्री. प्रेमदास..." हाव, नाव बरोबर हाये. "आपल्या अर्जात नमूद केलेला कावीळ हा आजार सं... संस... संसर्ग-जन्य असल्याने, विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने आपणास स्वयंपाकगृहात कामावर ठेवता येणार नाही..." हे काय शब्द हाये काका? संसर्गजन्य. हा आमाले सातवीपर्यंत नव्हता. म्हनजे काय? एकाचा दुसऱ्याले लागते तो?

लागते तो.

अन् दारू? दारू नाई लागत? लागते जी, घरादाराले लागते, पोरीच्या पायाले लागते. पन वरनातून नाई लागत! वरनातून कोनाले लागली आजपर्यंत? मंग सांगा न प्रभाकररावाले, आत्ता जाऊन सांगा, कावीळ नाई, दारू हाये. नुसती दारू हाये म्हना. माह्या मानसाले लागनारं काईच नाई झालं—

काय म्हनता?

रूपराव? कोन रूपराव? भट्टीवर होता, ह्याहीच्या आधी? तो पेत होता? अन् साहेबानंच दारू सोडवाले धाडला. सोता संगं गेले, अन् जागा ठेवली. अडीच महिने. त्याच्या बदली तुमी पोळ्या लाटल्या.

हे मले कोनी काऊन नाई सांगितलं? पाच वर्सात हे बी नाई बोलले. का त्याहीले बी माहीत नसन. कसं माहीत असन, अशा गोष्टी कोन कोनाले सांगते. रूपरावानं तोंड झाकलं, मी तोंड झाकलं. मी लई हुशार. मी कावीळ लिहिली.

थांबा. उठू नका. या तांदळाच्या डब्यात खाली हाये तो पयला अर्ज, फाडला नव्हता मी. हा पाहा. तारीखही तीच हाये, पाहा, दोन तारीख. हा द्या साहेबाले. म्हना, बाईनं भीतीच्या पोटी अदलाबदल केली. माफी मागते म्हना, पाया पडते म्हना. काऊन मान हालवता? नवा मानूस? कधी लागला? आज सकाळी. आज सकाळचं वरन त्यानं केलं? मीठ बरोबर होतं?

नाई, ते नका सांगू.

तरी घ्या. घ्या न काका, तुमच्या हाताले काय होते. तिथं ठेवून द्या नुसता साहेबाच्या टेबलावर, ते वाचतीन नाईतर नाई वाचतीन. अशी घडी करा, घामानं शाई पसरन. हाव. वरच्या खिशात. सही कुठं करू, पोचच्या वहीवर? इथं? प्रेमदासची घरवाली लिहू का माहं नाव लिहू—केली. पाहा, अक्षर चांगलं हाये का नाई माहं.

चार वाजले काय? नंदिनी, कोन हाका मारून राह्यलं ते? हर्षाताई?

बुधवार हाये आज.

फोन त्याहीचाच. पयले विचारतीन, जागा हाये न. अठरावा दिवस हाये, काका, बारा राह्यले. हाये म्हनलं तर मी पुन्हा तेच केलं जे त्या अर्जात केलं, अन् बाहेर आल्यावर त्याहीले कळनच. नाई म्हनलं तर तिथल्या फाटकाबाहेरच रस्ता हाये, अन् नागपूरले तर बंदीही नाई. तुमी वयानं मोठे, सांगा न मले. चवथं सांभाळू का पाचवं?

असे पाहू नका माह्याकडे. जा तुमी. निंबाखालून सायकल घ्या अन् जा, तो कागद खिशातून पाडू नका म्हनजे झालं. पोरगी संगं येईन माह्या—नंदिनी, चल, बाबासंगं बोलाचं हाये. आजोबा आलते म्हनून सांगाचं नाई, समजलं? काईच सांगाचं नाई. आली व ताई, आली, ठेवू नका म्हनावं, आली मी—